दहा वाजून चार मिनिटं

दुसरी ‘ब’च्या भिंतीवर वाऱ्याचा तक्ता आहे.
हजेरी झाली की एक जण खिडकीशी जातो,
सामुद्रधुनीकडे बघतो आणि चौकोनात खूण करतो :
एक रेघ म्हणजे वाळत घातलेलं धुणं हलतंय,
दोन म्हणजे टोपी धरा,
तीन म्हणजे चौकातल्या दोरांना धरून चाला.
काहीच नसेल तर टिंब, असं मार्चमध्ये ठरलं होतं.
ऑक्टोबर आला,
टिंब काढायची पाळी अजून कुणावर आली नाही.

इकडे पुन्ता अरेनासला मुलं बाईंना ‘तिया’ म्हणतात,
म्हणजे मावशी.
अशी मी एकोणीस जणांची मावशी.
सहलीच्या चिठ्ठ्या अठरा आल्या वेळेवर.
एलिसेओचे वडील खेकड्यांच्या बोटीवर, पार दक्षिणेला,
आई मासळीच्या कारखान्यात रात्रपाळीला.
त्याची चिठ्ठी आली शेवटच्या सकाळी,
घड्या घालून घालून टपाल तिकिटाएवढी झालेली,
सही थोरल्या बहिणीची, आईचं वळण गिरवून केलेली.
मला ओळखू आली.
वहीत मी लिहिलं : मिळाली.

पहिल्याच वळणावर दान्कोला उलटी झाली.
रायेनने आपली लोकरीची टोपी पुढे केली,
पुसायला की धरायला, हे विचारेपर्यंत
प्रश्न उरला नव्हता.

हवामान केंद्रातले दोन नोल्बेर्तो म्हणाले,
एकवीस वर्षं रोज सकाळी एक फुगा सोडतो मी.
रोज कचरा टाकतो म्हणावं, तसं म्हणाले.
फुगा पांढरा, गाभण गाईच्या पोटासारखा,
खाली लांब दोरी, दोरीला एक डबी.
डबीला पत्र बांधू?
नको, वजन मोजलेलं असतं.
तिला थंडी नाही वाजत? (ही दोमिंगा.)
वाजते, आणि किती वाजते ते ती आम्हाला कळवते.
मग फुगा कुठे जातो?
वर. वर जाऊन फुगतो, एखाद्या घराएवढा होतो,
आणि फुटतो.

हे त्यांनी जरा हळू सांगायला हवं होतं.

एलिसेओ वर्गात आला जूनमध्ये,
तेव्हापासून ‘हजर’खेरीज फारसं बोललेला नाही.
तो म्हणाला,
फुटल्याचा आवाज खाली येतो?

दोन नोल्बेर्तोंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
माहीत नाही, म्हणाले. कधी कान दिला नाही.
दहाच्या सुमाराला फुटेल. चार-पाच मिनिटं इकडेतिकडे.

सोडल्याबरोबर फुगा वर गेलाच नाही,
कुंपणावरून आडवा पळत सुटला,
मुलं त्याच्यामागे ‘वर, वर’ ओरडत,
आणि मग एकाएकी त्याला ऐकू गेलं असावं.

परतताना, दहाला दोन मिनिटं कमी,
मी ड्रायव्हरला गाडी कडेला घ्यायला लावली.
एकोणीस जण रस्त्याच्या काठावर,
अंगरखे फडफडतायत, माना वर.
बावीस वर्षं मी ‘शांत बसा’ म्हणतेय.
त्या दिवशी म्हणावं लागलं नाही.
गार होणाऱ्या इंजिनाची टिकटिक,
खाली दगडगोटे ओढून नेणारं पाणी,
दान्कोचं नाक.

आला, एलिसेओ म्हणाला.

कुणी हसलं नाही.
मलाही, पण थोडासाच, दोमिंगा म्हणाली.
मला नाही आला, रायेन म्हणाली,
आणि माझी टोपी कोण धुणार?
मी घड्याळाकडे बघत होते.
दहा वाजून चार मिनिटं.

दुसऱ्या दिवशी तक्त्यावर पाळी त्याची.
बाहेर तीन रेघांचा वारा, त्यानं तीन रेघा काढल्या,
शेजारी अगदी बारीक एक टिंब,
आणि खाली पेन्सिलीनं :
१०.०४ ला वारा थांबला, आवाज आला.

स्पॅनिशमध्ये दोन ‘ब’ आहेत, कानाला दोन्ही सारखेच.
वाऱ्याला त्यानं दुसऱ्याचा दिला होता.
लाल पेन माझ्या हातात होतं, टोपण काढलेलं.

चला, म्हटलं,
गणिताची वही काढा.